रमाबाईंचे सदतीस वर्षांचे आयुष्य



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या वर्षी तुम्ही काहीतरी लिहाच, असा आग्रह आपल्या अध्यक्षबाईंनी केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती आणि विणकामाचे नमुने दर वर्षी पुष्कळजणी देतात, म्हणून मी एका बाईची जीवनकथा लिहावयास घेतली आहे. त्या बाई म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी रमाबाई. पुष्कळ घरांत त्यांना रमाई म्हणतात आणि 7 फेब्रुवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालतात.

त्यांच्याविषयी भाषणे मी अनेक ऐकली. प्रत्येक भाषणात त्याग हा शब्द येतो. त्यांनी त्याग केला हे शंभर टक्के खरे आहे. पण मी संसार करणारी बाई आहे, तेव्हा माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. ही बाई वयाच्या सदतीसाव्या वर्षीच का गेली? पाच लेकरांतले एकच का जगले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की दारिद्र्य माणसाच्या शरीराचे आणि मनाचे काय करते ते दिसू लागते. तेवढेच मला आज सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडिलांचे नाव भिकू धुत्रे आणि आईचे रुक्मिणी. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून पोट भरीत. ओझी वाहून माणूस लवकर झिजतो. त्यातून घर महाराचे. गावात विहीर वेगळी, वस्ती वेगळी, काम मिळायचे तेही सगळ्यांत कष्टाचे आणि सगळ्यांत कमी मजुरीचे. दारिद्र्य आकाशातून पडत नाही. कोणाच्या वाट्याला किती यायचे हे आपल्याकडे जातीने आधीच ठरवून ठेवलेले होते, हे विसरून चालणार नाही.

रमाबाई लहान असतानाच आई गेली आणि मागोमाग वडीलही गेले. मागे राहिली ती पोरकी भावंडे. काकांनी आणि मामांनी त्यांना मुंबईस भायखळ्याला आणले. आईबापाविना वाढणाऱ्या पोरीला घरात आपले ओझे होऊ नये ही काळजी फार लवकर कळते. मागणे कमी करायचे, काम जास्त करायचे, रडायचे ते कोपऱ्यात. ही सवय एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही.

त्याच भायखळ्याला सुभेदार रामजी सकपाळ आपल्या मुलासाठी मुलगी पाहत होते. 1906 च्या सुमारास लग्न झाले. नवरी नऊ वर्षांची, नवरा चौदापंधरा वर्षांचा. लग्नाला कार्यालय नव्हते, मांडव नव्हता. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री भायखळ्याच्या मार्केटातल्या उघड्या छपराखाली ते लग्न लागले. मासळी विकण्याचे दगडी ओटे म्हणजे पाहुण्यांची बाके. सकाळी बाजार भरण्याआधी जागा रिकामी करून द्यायची होती.

सासर परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांचे. ह्या ट्रस्टची गोष्टही सांगण्यासारखी आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्त्यांत माणसे पटापट मरू लागली. तेव्हा सरकारने शहरसुधारणेसाठी 1898 साली हा ट्रस्ट काढला. रमाबाईंच्या जन्माचे साल तेच. दोनपैकी एक खोली बहुतेक अभ्यासाची, पुस्तकांची. उरलेल्या खोलीत स्वयंपाक, निजणे, आलागेला, बाळंतपण, आजारपण, सारे काही. चाळीत राहिलेल्या भगिनींना त्या खोलीतला धूर आणि ओल मी वेगळी सांगावयास नको.

12 डिसेंबर 1912 रोजी पहिला मुलगा यशवंत झाला. दोनच महिन्यांनी, 2 फेब्रुवारी 1913 रोजी, सासरे रामजीबाबा वारले. घरातला आधाराचा खांब पडला. त्याच वर्षी बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळून बाबासाहेब शिकावयास अमेरिकेला न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती त्यांच्या शिक्षणापुरती. मागे रमाबाई पंधरा वर्षांच्या, कडेवर तान्हे मूल, घर माणसांनी भरलेले आणि मिळकत तोकडी. न्यूयॉर्कहून बाबासाहेब 1916 साली लंडनला गेले आणि 1917 साली परत आले. युद्धाचे दिवस होते. ज्या बोटीवर त्यांचे सामान होते ती पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. बोट बुडाल्याची वार्ता आणि नवरा समुद्रावर, अशा दिवसांत एका बाईच्या जिवाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपण प्रत्येकजण करू शकतो.

परत आल्यावर सुख येईल असे वाटले असेल. बडोद्याला मोठी नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात डोके टेकावयास जागा मिळेना आणि काही दिवसांतच ती सोडून यावे लागले. नोव्हेंबर 1918 पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार दरमहा 450 रुपये. त्या काळी हा पगार मोठा होता. पण लंडनचे शिक्षण अर्धे राहिले होते. म्हणून घरखर्चाला बेताचे पैसे काढून बाकीचे शिलकीला टाकावयाचे ठरले. म्हणजे पगार वाढला तरी चुलीवरचे भांडे पूर्वीएवढेच राहिले. ती शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, यांच्या जोरावर जुलै 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले ते 1923 पर्यंत.

या तीन वर्षांत पतिपत्नी दोघेही अर्धपोटी होती. बाबासाहेब लंडनला सकाळी पावाचा तुकडा खाऊन दिवसभर ग्रंथालयात बसत आणि रात्री भाजलेल्या पापडांवर भूक भागवीत. इकडे परळला रमाबाई शेण गोळा करून आणीत, गोवऱ्या थापीत, त्या विकून आणि जाळून घर चालवीत. परदेशी शिकणाऱ्याच्या बायकोने शेण वेचावे हे लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून त्या उजाडण्याआधी किंवा अंधार पडल्यावर जात, असे सांगतात. पुढे 1928 साली बाबासाहेबांनी आपल्या 'बहिष्कृत भारत' पत्रात, ऐन विपन्नावस्थेत शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या आपल्या बायकोची जाहीर आठवण काढली. तिच्या वाट्याला आपण दिवसाकाठी थोडाही वेळ देऊ शकलो नाही, अशी खंत त्या लिहिण्यात आहे.

मला या दोन उपाशी माणसांत एक फरक दिसतो. बाबासाहेबांच्या भुकेसमोर पुस्तक उघडे होते. एक परीक्षा संपली की एक पायरी वर गेल्याचे त्यांना कळत होते. रमाबाईंच्या भुकेला तारीख नव्हती. आज निभावले, उद्याचे काय, एवढाच त्यांचा अभ्यास. शिवाय घरातल्या बाईची भूक कोणाला दिसत नाही. पीठ कमी असले तर सगळ्यांची भाकरी थोडी लहान होत नाही. करणारीची भाकरी नाहीशी होते. आपल्यातल्या कितीजणींनी आपल्या आईला सर्वांच्या मागून, तव्यावर उरेल ते खाताना पाहिले आहे! माझी आई तशीच जेवत असे. रमाबाई त्यातून श्रद्धाळू, उपासतापास करणाऱ्या. उपासाचे पुण्य मिळते की नाही ते देव जाणे, पण आधीच रिकाम्या शरीरातून ते आणखी थोडे काढून घेते, हे खरे.

आता मुलांचे सांगते. हे लिहिताना हात जड होतो. रमाबाईंना यशवंताखेरीज तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. चारही लहानपणीच गेली. त्यात रमाबाईंचे नशीब वाईट, असे म्हणून आपण मोकळ्या होतो. पण त्या काळची मुंबई पाहा. 1921 साली शहराच्या नोंदीप्रमाणे हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक तान्ही मुले दगावली. जन्माच्या सगळ्या नोंदी त्या काळी होत नसत, म्हणून आकडा थोडा फुगलेला असेल. पण एका खोलीच्या बिऱ्हाडांत मरणारी मुले सर्वांत जास्त होती, यात संशय नव्हता. श्रीमंतांच्या बंगल्यातली मुले जगत होती आणि चाळीतली मरत होती. मग नशीब म्हणायचे कशाला? आई अशक्त, बाळंतपणांत पुरेसे अंतर नाही, अंगावर दूध कमी, खोलीत धूर, डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत, एवढी कारणे समोर उभी होती.

शेवटचा राजरत्न बाबासाहेबांचा अतिशय लाडका. तो जुलै 1926 मध्ये गेला. त्या धक्क्यातून आम्ही दोघेही सावरलेलो नाही आणि पुढेही सावरू असे वाटत नाही, अशा अर्थाचे पत्र बाबासाहेबांनी पुढच्या महिन्यात आपल्या एका स्नेह्यास लिहिले. एवढा खंबीर पुरुष असे लिहितो, तर त्या माऊलीचे काय झाले असेल? बाबासाहेबांना निदान बाहेर काम होते, कोर्ट होते, सभा होत्या. पुढच्याच वर्षी, मार्च 1927 मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. रमाबाईंना मात्र ज्या खोलीत मूल गेले त्याच खोलीत दुसऱ्या दिवशी चूल पेटवावी लागली. गरिबाच्या घरी सुतक धर्मापुरते असते. दुःखाला बसायला जागा आणि वेळ लागतो, आणि या दोन्ही गोष्टींना पैसे पडतात.

इथे थोडे आजच्या माहितीचे लिहिते. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची शास्त्रज्ञांनी एक परीक्षा घेतली होती. ती 2013 साली प्रसिद्ध झाली. त्याच त्याच शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी, हातात पैसा नसताना, आणि ऊस विकल्यावर पैसा आल्यानंतर, अशी दोनदा डोके चालवायची कोडी घातली. पैशाच्या ओढीच्या दिवसांत त्यांना ती नीट सुटेनात. पैसा हातात आल्यावर त्याच माणसांना चांगली सुटली. माणूस तोच, अक्कल तीच. पण आधी त्याचे अर्धे डोके देण्याघेण्याच्या हिशेबात अडकलेले होते. हे वाचून मला फार बरे वाटले. गरीब बाई चिडचिडी आहे, विसराळू आहे, तिला काही सांगितलेले कळत नाही, असे आपण सहज बोलून जातो. तिच्या डोक्यात त्याच वेळी दुधाचा, भाड्याचा, फीचा आणि औषधाचा हिशेब चाललेला असतो, हे आपल्याला दिसत नाही.

शरीराचेही तसेच. सतत काळजी करणाऱ्याची झोप उडते, रक्तदाब चढतो, अन्न अंगी लागत नाही, साधा आजार लवकर उतरत नाही. त्यात पोटात अन्न कमी आणि बाळंतपणे लागोपाठ. मग रक्त कुठून भरून निघणार?

एवढे असूनही रमाबाईंचे मन कडवट झाले नाही. घरी येणाऱ्या कार्यकर्त्यांच्या ताटात काही ना काही पडत असे. बाबासाहेब परळच्या दामोदर हॉलजवळच्या कचेरीत दिवसरात्र काम करीत तेव्हा घरून त्यांचा डबा जाई. परदेशी असताना स्नेह्यांनी मदत देऊ केली ती त्यांनी घेतली नाही, असेही सांगतात. या स्वाभिमानाला माझा नमस्कार. पण हेही मनात येते, की मदत घेतली म्हणजे लाज, ही शिकवण गरिबाला कोणी दिली? भुकेचा त्रास पोटाला होतो, आणि ती लपविण्याचा त्रास मनाला. रमाबाईंनी दोन्ही सोसले.

पुढे दिवस पालटले. बाबासाहेबांची वकिली चालू लागली, कीर्ती झाली. 1930 पासून ते गोलमेज परिषदेसाठी पुन्हा विलायतेच्या वाऱ्या करू लागले. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' हा मोठा बंगला उभा राहिला, तोही मुख्यतः पुस्तकांसाठी. परळच्या चाळीतून कुटुंब तिथे राहावयास गेले. आता खोल्या मोठ्या होत्या, हवा होती, डॉक्टर होते, औषधे होती. नव्हती ती रमाबाईंची प्रकृती. शेवटची काही वर्षे त्या आजारीच होत्या. बाबासाहेबांनी उपचार पुष्कळ केले. अन्न जाईना, औषध लागू पडेना.

त्यांच्या मनात एकदा पंढरपूरला जावयाचे होते. जिथे आपल्याला देवळाच्या पायरीच्या आत घेत नाहीत तिथे कशाला जावयाचे, आपण आपलेच दुसरे पंढरपूर निर्माण करू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. ती इच्छा तशीच राहिली. 27 मे 1935 रोजी राजगृहात रमाबाईंची प्राणज्योत मालवली. वय 37. बाबासाहेब कित्येक दिवस खोलीतून बाहेर आले नाहीत. त्यांनी मुंडण केले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. रमाबाई गेल्यानंतर साडेपाच वर्षांनी त्यांचा पाकिस्तानच्या प्रश्नावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी रमाबाईंना अर्पण केला. ज्या दिवसांत पैसा नव्हता आणि कोणी विचारीत नव्हते त्या दिवसांत तिने आपल्याबरोबर सोसले, याचे स्मरण म्हणून. बाबासाहेब स्वतः 6 डिसेंबर 1956 रोजी, पासष्टाव्या वर्षी, गेले. रमाबाई गेल्यानंतर आणखी एकवीस वर्षे त्यांना मिळाली.

हीच गोष्ट मला फार लागते. दारिद्र्य गेले, पण त्याने घेतलेले शरीर परत दिले नाही. पैसा उशिरा आला तर त्यातून घर बांधता येते, गेलेले रक्त, गेलेली झोप आणि गेलेली मुले विकत आणता येत नाहीत. पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत जे शरीराला मिळाले नाही त्याचा हिशेब पुढच्या दहा वर्षांत चुकता झाला. म्हणून त्यागमूर्ती हा शब्द ऐकला की मी हात जोडते, पण मनात म्हणते, की ह्या शब्दाआड एक उपाशी, आजारी बाई उभी आहे, तिलाही पाहा. तिच्या सोसण्याचे कौतुक करून आपण आपल्या मुलीसुनांना तसेच सोसावयास शिकवू लागलो, तर त्या माऊलीचे सोसणे वाया गेले असे होईल.

आणि हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. सरकारने 2019 ते 2021 या काळात देशभर कुटुंबांची पाहणी केली. तीत आपल्या महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दर शंभर बायकांत 54 जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. बाळंत नसलेल्या, गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबीन 12 तरी असावे असे डॉक्टर सांगतात. मागे तपासले तेव्हा माझे साडेआठ निघाले होते. चार महिने गोळ्या घेतल्या, रोजच्या जेवणात पालेभाजी, कडधान्य आणि वर लिंबू ठेवले, सर्वांच्या बरोबर बसून जेवू लागले, तेव्हा अकराच्या वर गेले. तोपर्यंत जिना चढताना लागणारा दम हा वयाचा आहे असेच मला वाटत होते. आमच्या गल्लीत चार घरची भांडी घासणारी एक ताई आहे. ती रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेते, पाकीट दुप्पट दिवस पुरावे म्हणून. तिला कोणी त्यागमूर्ती म्हणणार नाही. ती फक्त पैसे वाचवते आहे, आणि ते कुठून वाचवते आहे हे तिलाही ठाऊक नाही.

आपल्या मंडळात आपण हळदीकुंकू करतो, भिशी करतो, सहली काढतो. ते सारे चालू राहावे. पण माझी एक सूचना आहे, ती अध्यक्षबाईंनी आणि कार्यकारिणीने मनावर घ्यावी. दर वर्षी 7 फेब्रुवारीला, रमाबाईंच्या जयंतीस, हार घालून झाल्यावर मंडळाच्या खोलीतच सर्व सभासद भगिनींची आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायकांची रक्ततपासणी आणि रक्तदाबाची तपासणी करावी. जिला गोळ्यांचा खर्च झेपत नाही तिच्यासाठी भिशीतून दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवावी, आणि ती अशा रीतीने द्यावी की घेणारीला मान खाली घालावी लागू नये. त्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून जेवावे. वाढणारीनेही त्याच पंगतीत बसावे, मागून नाही.

रमाबाईंना आपण एवढे तरी देणे लागतो.